भाजी रांधणाऱ्या घराचा लेखक : पेल्लेग्रिनो आर्तुसी

स्मरणिकेत एका परदेशी गृहस्थाचे चरित्र कशाला, असे कोणी भगिनी विचारील. पण जन्मभर अविवाहित राहिलेल्या या माणसाने इटलीतल्या घरोघरच्या चुलीला जे मानाचे स्थान मिळवून दिले, ते मोठमोठ्या बल्लवाचार्यांना जमले नव्हते.

पेल्लेग्रिनो आर्तुसी यांचा जन्म ४ ऑगस्ट १८२० रोजी फोर्लिंपोपोली या गावी झाला. घर व्यापाऱ्याचे, खाऊनपिऊन सुखी. परंतु २५ जानेवारी १८५१ च्या रात्री दरोडेखोरांच्या टोळीने गावचे नाटकगृह वेढले आणि सधन कुटुंबांची घरे लुटली. आर्तुसींचे घरही त्यांत सुटले नाही. त्या धक्क्याने त्यांची बहीण गेर्त्रूदे हिला वेड लागले, ते कायमचेच. कुटुंबाने गाव सोडले व फ्लॉरेन्स शहरी बिऱ्हाड केले. तेथे आर्तुसींनी रेशमाचा व्यापार केला आणि पन्नाशीच्या सुमारास धंद्यातून अंग काढून घेतले.

मग वेळ घालवायचा कसा? ते स्वयंपाकाच्या कृती जमवू लागले. घरी फ्रांचेस्को रुफिल्ली हा आचारी आणि मारिएत्ता साबातिनी ही स्वयंपाकीण. ही दोघे रांधीत, आर्तुसी चाखीत आणि लिहून ठेवीत. हात त्या दोघांचे आणि लेखणी यांची, हे आपण बायकांनी ध्यानात ठेवलेले बरे.

पुस्तकात मांसाचे पदार्थ भरपूर आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. तरी भाज्यांवर त्यांचा खरा जीव. चाळीस वर्षांपूर्वी फ्लॉरेन्सच्या मंडईत वांगी क्वचितच दिसत, कारण ती यहुदी लोकांची भाजी म्हणून इतर लोक नाक मुरडीत, असे ते नमूद करतात. आणि चवीच्या बाबतीत यहुद्यांचेच नाक अधिक तिखट होते असा उलट निवाडा देतात. त्या काळी असे लिहिणे सोपे नव्हते.

भाज्या घातलेल्या मिनेस्त्रोने नावाच्या दाट सूपाची तर गंमतच आहे. १८५५ मध्ये लिव्होर्नो येथे ते खाऊन आर्तुसींना रात्रभर पोटाने छळले. त्यांनी सारा दोष सुपाला दिला आणि सकाळी गाव सोडले. मागून बातमी आली की गावात पटकी सुरू झाली असून तिचा पहिला बळी त्यांचा घरमालकच होता! बिचारे सूप निर्दोष ठरले, आणि आर्तुसींनी ते पुनःपुन्हा करून चांगले जमवले. कोबी, पालक बारीक चिरून गार पाण्यात ठेवायचा, मग नुसत्याच पातेल्यात आचेवर ठेवून सुटलेले पाणी पिळून काढायचे. घेवड्याचे दाणे ताजे मिळाले तर ताजे, नाहीतर वाळलेले. शिवाय गाजर, बटाटा, कांदा आणि तांदूळ. आपल्यापैकी कोणालाही उद्या करता येईल. पुस्तकाच्या शेवटी तर त्यांनी महिन्यामहिन्याचे जेवणाचे बेत दिले आहेत, म्हणजे ज्या महिन्यात बाजारात जे येते त्यावर ताट बेतायचे.

एवढे तयार झाल्यावर प्रकाशक मिळेना. अखेर १८९१ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी स्वखर्चाने एक हजार प्रती छापल्या, कृती ४७५. जन्मगावच्या जत्रेत दोन प्रती बक्षीस दिल्या, तर ज्यांना मिळाल्या त्यांनी त्या तंबाखूवाल्याला विकून टाकल्या! पण हळूहळू गृहिणींच्या हाती पुस्तक पडले. त्यांची पत्रे येऊ लागली, कोणी कृती कळवी, कोणी चूक दाखवी, आणि आर्तुसी नव्या आवृत्तीत ते घेत. असे करता करता कृती ७९० झाल्या. १८६१ मध्ये एक झालेल्या त्या देशात प्रांताप्रांताची जेवणे एकमेकांस ठाऊक नव्हती. ती या पुस्तकातून एका ओट्यावर आली.

३० मार्च १९११ रोजी नव्वदाव्या वर्षी ते वारले. पुस्तकाचे हक्क त्यांनी मारिएत्ता व फ्रांचेस्को यांच्या नावे करून ठेवले होते. आज फोर्लिंपोपोलीत दरवर्षी उन्हाळ्यात त्यांच्या नावाचा उत्सव भरतो, आणि त्यात घरी रांधणाऱ्यांसाठी जे बक्षीस असते ते मारिएत्ताच्या नावाचे आहे.