दयानंद बांदोडकर : सत्तेचा कौल मिळाला, विलीनीकरणाचा नाही

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झाला आणि दोन वर्षांनी, ९ डिसेंबर १९६३ रोजी, तेथे विधानसभेची पहिली निवडणूक झाली. पंतप्रधानपदी पंडित नेहरू होते, देशभर काँग्रेसचा दबदबा होता आणि गोवामुक्तीचे श्रेयही त्याच पक्षाच्या सरकारकडे जात होते. तरीही गोव्यातील २८ जागांपैकी एकही काँग्रेसला मिळाली नाही; तिचा एकमेव विजय दमणमध्ये झाला. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने १४ जागा जिंकल्या, प्रजासमाजवादी पक्षाच्या दोघांची त्याला साथ मिळाली आणि दयानंद उर्फ भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. गंमत अशी की, त्यांनी स्वतः ही निवडणूक लढवलीच नव्हती. मडकईच्या पोटनिवडणुकीतून ते नंतर विधानसभेत आले.

१२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे जन्मलेले बांदोडकर खाणउद्योगातून श्रीमंत झाले होते, मात्र त्यांचा पाठीराखा वर्ग होता कुळे, मुंडकार आणि गावागावांतील बहुजन समाज. भाटकारांच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या या माणसांना पोर्तुगीज अमदानीत शाळेचे दार क्वचितच उघडे असे. काँग्रेसने उमेदवारी देताना प्रतिष्ठितांकडे पाहिले. बांदोडकरांनी या माणसांकडे. सत्तेवर येताच त्यांनी खेडोपाडी प्राथमिक शाळा काढल्या, आणि १९६४ मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला.

पक्षाचा मुख्य कार्यक्रम मात्र गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण हा होता. त्याच्या विरोधात डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचे १२ आमदार उभे होते. निवडणूक जिंकली म्हणजे विलीनीकरणाला संमती मिळाली, असा सत्ताधाऱ्यांचा दावा होता. विरोधकांना तो मान्य नव्हता. सरकार निवडणे वेगळे आणि प्रदेशाचे अस्तित्व ठरवणे वेगळे, अशी त्यांची भूमिका होती. अखेर याच एका प्रश्नावर जनमत कौल घेण्याचा कायदा संसदेने केला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला. स्वतःच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या लढतीत सत्तेविना उतरणे ही जोखीमच होती.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. फूल ही विलीनीकरणाची निशाणी, तर दोन पाने केंद्रशासित प्रदेशाची. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. कोकणी भाषेची अस्मिता, मोठ्या राज्यातील एक दूरचा जिल्हा होऊन राहण्याची भीती, नोकऱ्यांची चिंता, महाराष्ट्रातील दारूबंदीचा धसका अशी अनेक कारणे या निकालामागे होती. केवळ धर्माच्या चौकटीत तो बसवता येत नाही. गोव्यातील बहुसंख्य मतदार हिंदू होते आणि त्यांतील अनेकांनी दोन पानांवर शिक्का मारल्याखेरीज हे आकडे जुळत नाहीत.

ज्या मागणीवर पक्ष उभा राहिला तीच मतदारांनी नाकारली होती. पक्ष संपला, असे मानायला पुरेसे कारण होते. पण अवघ्या दहा आठवड्यांनी, २८ मार्च रोजी, विधानसभेची निवडणूक झाली आणि मगोने ३० पैकी १६ जागा जिंकल्या. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. विलीनीकरण नको, पण शाळा आणि जमिनीचा हक्क देणारे भाऊसाहेब हवेत, असा निवाडा लोकांनी दिला होता. पुढे १९७० मध्ये पक्षातील काही आमदारांनी बंड केले, तेही त्यांनी पचवले. १९७२ मध्ये मगोच्या जागा १८ झाल्या.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर यांनी राज्यकारभाराची धुरा घेतली. पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यावर त्यांची समाधी आहे. गोवा ३० मे १९८७ रोजी स्वतंत्र राज्य झाला.