सम्राटाच्या पोटातला शत्रू

१८२१ चा एप्रिल महिना. दक्षिण अटलांटिक महासागरातल्या सेंट हेलेना बेटावर, लाँगवूड नावाच्या घरात एक आजारी कैदी आपल्या डॉक्टरला चमत्कारिक सूचना देत होता. आपण मेल्यावर शरीर उघडून पाहावे, जठर विशेष काळजीने तपासावे आणि जे दिसेल ते आपल्या मुलाला कळवावे. कैद्याचे नाव नेपोलियन बोनापार्ट. ज्याच्या धाकाने युरोपातली सिंहासने डळमळली, त्याला धाक होता तो वडिलांच्या दुखण्याचा. कार्लो बोनापार्ट १७८५ मध्ये जठरात गाठ होऊन वयाच्या अडतिसाव्या वर्षी वारले, तेव्हा नेपोलियन पंधरा वर्षांचा होता.

पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. कॉर्सिकातल्या या मुलाने पस्तिसाव्या वर्षी सम्राटाचा मुकुट घातला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला सारे गमावले. त्याला हरवणारा वेलिंग्टन म्हणजे १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव करणारा आर्थर वेलस्लीच. हिंदुस्थानातून परतताना १८०५ मध्ये त्याचा मुक्काम याच सेंट हेलेनावर पडला होता. नियतीलाही अशा गमती सुचतात!

नेपोलियन घाईघाईने जेवायचा. भरल्या ताटावरून काही मिनिटांत उठायचा. कोटात हात घातलेल्या त्याच्या चित्रांवरून तो सतत पोट धरून असे, असे काही जण सांगतात. पण तशी उभे राहण्याची त्या काळच्या चित्रांत रीतच होती. खरे दुखणे बळावले ते बेटावर. पोटात कळा, उलट्या, अन्नावरची वासना उडालेली. २००५ मध्ये स्विस संशोधकांनी त्याच्या विजारींची मापे ताडून पाहिली, तर अखेरच्या महिन्यांत कंबर बरीच उतरल्याचे दिसले. ५ मे १८२१ ला, एक्कावन्नाव्या वर्षी तो गेला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आंतोमार्की यांनी इंग्रज डॉक्टरांसमोर शवविच्छेदन केले. जठरात मोठा, चिघळलेला व्रण होता. एके ठिकाणी तर जठराला आरपार भोक पडून ते यकृताला चिकटल्याने बुजले होते.

सोमलाने विषप्रयोग झाल्याचा संशय पुढे १९६१ मध्ये एका स्वीडिश दंतवैद्याने मांडला. रहस्यकथेसारखा तो गाजलाही. पण नेपोलियनच्या बालपणीच्या केसांतही सोमल तितकाच निघाला. २००७ मध्ये जुन्या नोंदी आजच्या रुग्णांशी ताडून तज्ज्ञांनी कौल दिला तो जठराच्या कर्करोगाचा, आणि त्यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असावा, असा.

जठरातल्या जहाल आम्लात जिवाणू जगतो, यावर फार काळ कोणी विश्वास ठेवत नव्हते. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियाचे बॅरी मार्शल यांनी तो चक्क पिऊन दाखवला आणि जठरदाह ओढवून घेतला! २००५ मध्ये त्यांना रॉबिन वॉरन यांच्यासह नोबेल मिळाले. आता प्रश्न असा, की कोट्यवधी लोकांच्या पोटात तो असताना अल्सर वा कर्करोग थोड्यांनाच का? उत्तराचा एक भाग जिवाणूच्या जनुकांत आहे. एकाच्या पोटातला वाण दुसऱ्याच्या वाणाशी तंतोतंत जुळत नाही. काही वाणांकडे कॅग-ए नावाचे जनुक असते. हे वाण पिचकारीसारख्या यंत्रणेने आपले प्रथिन जठराच्या पेशींत सोडतात, दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो आणि धोका वाढतो. पूर्व आशियातले कॅग-ए आणखी जहाल मानले जाते. त्यात खारवलेले अन्न भर घालते. आणि त्या काळच्या सैन्याच्या शिध्यात खारवलेल्या मांसाला तोटा नव्हता.

हा जिवाणू बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात लागतो. तेव्हा नेपोलियन ज्याला वडिलांचा वारसा समजून भ्याला, तो रक्तातला नसून एका घरातल्या अन्नपाण्यातला असेल काय? पिता-पुत्रांच्या पोटात एकच जहाल वाण होता काय? ज्या मुलासाठी एवढी काळजी, तो तर १८३२ मध्ये एकविसाव्या वर्षी क्षयाने गेला. नेपोलियनचे जठर मात्र चांदीच्या भांड्यात घालून शवपेटीत ठेवले होते. १८४० मध्ये ती पेटी पॅरिसला आणली गेली. आजही ती लेझ आंव्हालीदच्या घुमटाखाली बंद आहे.