रॉबर्ट डोनॅट : श्वासाशी झुंजलेला नट

नटाचे भांडवल कोणते? कोणी म्हणेल रूप, कोणी म्हणेल स्मरणशक्ती. आम्हांस विचाराल तर आम्ही आवाजाचे नाव आधी घेऊ; आणि आवाज म्हणजे तरी काय, तर नियमाने सोडलेला श्वास. ज्याच्या श्वासालाच विकार जडला होता असा एक मनुष्य इंग्रजी रंगभूमीवरील अतिशय मधुर आवाजाच्या नटांत गणला गेला, हे नवलच म्हटले पाहिजे. त्याचे नाव रॉबर्ट डोनॅट. त्याची हकीकत या अंकात देण्यास आणखीही एक कारण आहे. शाळामास्तराची भूमिका करून जगद्विख्यात झालेला असा दुसरा नट आम्हांस आठवत नाही.

रॉबर्टचा जन्म १८ मार्च १९०५ रोजी मँचेस्टर शहराच्या विदिंग्टन भागात झाला. चार भावांत तो सर्वांत धाकटा. त्याचे वडील मूळचे पोलंडकडील. हा मुलगा लहानपणी तोतरा बोलत असे. वर्गात उभे राहून चार ओळी वाचण्याची पाळी आली की अशा मुलाच्या जिवाची कशी घालमेल होते, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांनाच समजेल. हा दोष घालविण्यासाठी त्याला जेम्स बर्नार्ड नावाच्या वक्तृत्वशिक्षकाकडे पाठविण्यात आले. तेथे जीभ तर सुटलीच, पण मँचेस्टरकडचा बोलीचा हेलही गेला आणि बोलण्याची गोडी लागली, ती कायमची. पंधराव्या वर्षी त्याने शाळा सोडली आणि पुढील धड्यांचा खर्च भागावा म्हणून तो आपल्या गुरूचाच चिटणीस झाला. आम्हांस त्याच्या चरित्रातील हा भाग फार आवडतो.

१९२१ साली, सोळाव्या वर्षी, बर्मिंगहॅम येथे त्याने प्रथम रंगभूमीवर पाऊल ठेवले. नाटक शेक्सपियरचे ‘ज्युलिअस सीझर’ आणि भूमिका ब्रूटसच्या पोऱ्याची, म्हणजे ल्यूशियसची. १९२४ साली तो सर फ्रँक बेन्सन यांच्या मंडळीत शिरला. ही मंडळी शेक्सपियरची नाटके घेऊन गावोगाव फिरे. आपल्याकडील जुन्या नाटक मंडळ्यांचे मुक्काम ज्यांनी वाचले वा ऐकले आहेत, त्यांना ते जीवन निराळे समजावून सांगावयास नको. पुढील काही वर्षे अशा उमेदवारीतच गेली. १९२९ साली त्याने विवाह केला. पुढे त्याला तीन अपत्ये झाली.

बोलपटाने मात्र त्याला लवकर थारा दिला नाही. निर्मात्यांपुढे त्याने इतक्या चाचण्या दिल्या आणि त्यांतील इतक्या फसल्या की त्या धंद्यातील लोक त्याची थट्टा करू लागले. अखेर अलेक्झांडर कोर्डा या हंगेरियन निर्मात्याने त्याला करारावर घेतले. १९३३ च्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’ या चित्रपटात त्याला कल्पेपरची भूमिका मिळाली. त्याच वर्षी लंडनमध्ये जेम्स ब्रायडीच्या ‘अ स्लीपिंग क्लर्जीमन’ या नाटकातील त्याचे काम गाजले. १९३४ साली तो ‘द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’साठी हॉलिवुडला गेला. चित्रपट यशस्वी झाला, परंतु तेथे त्याचे मन रमले नाही आणि त्याने पुन्हा हॉलिवुडला जाऊन चित्रपट केला नाही. ‘कॅप्टन ब्लड’ची भूमिकाही त्याने सोडली. ती एरॉल फ्लिन या त्या वेळच्या अप्रसिद्ध तरुणाकडे गेली आणि तो एका रात्रीत नट म्हणून पुढे आला.

१९३५ सालचा आल्फ्रेड हिचकॉकचा ‘द थर्टीनाइन स्टेप्स’ आजही रसिक आवडीने पाहतात. खुनाचा खोटा आळ आलेला नायक स्कॉटलंडच्या माळरानातून पळत असतो. पळता पळता तो एका सभागृहात शिरतो. लोक त्यालाच त्या दिवशीचा वक्ता समजतात आणि कोणत्या विषयावर, कोणत्या पक्षासाठी बोलावयाचे हे ठाऊक नसताना तो भाषण ठोकून सभा जिंकतो! एकेकाळी धड वाक्य न उच्चारता येणाऱ्या मुलाने हा प्रसंग इतका सहज वठवावा, याचे आम्हांस प्रत्येक वेळी कौतुक वाटते.

परंतु जिभेची गाठ सुटली तरी छातीची सुटली नाही. दम्याने त्याला आयुष्यभर छळले. १९३६ साली मार्लीन डीट्रिचबरोबर ‘नाइट विदाउट आर्मर’चे चित्रण चालू असता विकार इतका बळावला की काम थांबवावे लागले. दुसरा नट घेण्याची भाषा निघाली, तेव्हा डीट्रिचने त्याची वाट पाहण्याचा आग्रह धरला आणि त्याची भूमिका वाचली. या दुखण्याचे मूळ काही अंशी मनात आहे असे त्याला स्वतःलाही वाटे. नव्या कामाची धास्ती आणि दम्याचा झटका हे दोघे हातात हात घालूनच येत. त्यामुळे त्याने नाकारलेल्या व हातच्या गेलेल्या भूमिकांची यादी मोठी आहे आणि त्याचे एकूण चित्रपट विसांच्या आतच आहेत. १९३८ च्या ‘द सिटाडेल’मध्ये त्याने वेल्समधील एका तरुण डॉक्टरचे काम केले. हा डॉक्टर खाणकामगारांच्या फुफ्फुसांच्या रोगाचा शोध घेतो. ही भूमिका करताना त्याच्या मनात काय येत असेल याची कल्पनाच करावी.

आणि १९३९ साली ‘गुडबाय, मिस्टर चिप्स’ आला. जेम्स हिल्टनची मूळ कादंबरी लहानशीच. चिपिंग नावाचा लाजाळू तरुण ब्रुकफील्डच्या शाळेत लॅटिन शिकविण्यास येतो. पहिल्याच दिवशी मुले त्याची दाणादाण उडवितात. मग तो शिस्तीचे कवच चढवितो. मुले त्याला मान देतात, पण जवळ कोणी येत नाही. पुढे डोंगरातील प्रवासात त्याला कॅथरिन भेटते. ती त्याला हसावयास शिकविते आणि अपत्यजन्माच्या वेळी जगाचा निरोप घेते. तो आयुष्यभर त्याच शाळेत राहतो. पहिल्या महायुद्धात निवृत्तीतून परत येऊन मुख्याध्यापकाची धुरा वाहतो. बाहेर बाँब पडत असता वर्गात लॅटिनचा पाठ चालू ठेवतो. रणात पडलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावे वाचताना, शत्रुपक्षाकडून लढून मेलेल्या आपल्या जुन्या जर्मन सहकाऱ्याचे नावही तो त्याच स्वरात वाचतो.

चित्रणाच्या वेळी डोनॅटचे वय तेहतीस-चौतीस होते आणि त्याला त्र्याऐंशी वर्षांचा म्हातारा व्हावयाचे होते. रंगभूषेने सुरकुत्या काढता येतात, चाल आणि आवाज काढता येत नाही. वर्षे लोटतात तसा चिप्सचा आवाज कसा पातळ होत जातो, वाक्याच्या मध्येच श्वास कसा अडखळतो, हे लक्ष देऊन ऐकावे. आमची तर अशी समजूत आहे की ज्याने श्वासाची टंचाई भोगली त्यालाच हे साधावे. शाळेची दृश्ये इंग्लंडमधील रेप्टन येथील खऱ्या शाळेत घेतली गेली आणि तेथील मुले सुटीत मागे राहून चित्रपटात सामील झाली. त्या वर्षीच्या उत्कृष्ट नटाच्या ऑस्कर पारितोषिकासाठी ‘गॉन विथ द विंड’चा क्लार्क गेबल, लॉरेन्स ऑलिव्हिए, जेम्स स्ट्यूअर्ट असे मातब्बर उभे होते. पारितोषिक मिळाले ते या म्हाताऱ्या मास्तराला.

त्यानंतरच्या कामांपैकी एकाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १९४८ च्या ‘द विन्स्लो बॉय’मध्ये पाच शिलिंगांची पोस्टल ऑर्डर चोरल्याचा आरोप येऊन नौदलाच्या विद्यालयातून काढलेला एक मुलगा आहे. नामांकित बॅरिस्टर मॉर्टन त्याची इतकी कठोर उलटतपासणी घेतो की मुलगा रडू लागतो आणि घरची माणसे संतापतात. मग तो शांतपणे सांगतो की मुलगा निर्दोष आहे आणि आपण हा खटला चालविणार. डोनॅटने हा बॅरिस्टर असा थंड व धारदार उभा केला आहे की चिप्स करणारा नट हाच, हे खरे वाटू नये. ही कथा इंग्लंडात १९०८ साली घडलेल्या एका सत्य प्रकरणावर आधारलेली आहे.

उतरणीचा काळ थोडक्यात सांगतो. पहिला विवाह १९४६ साली मोडला; १९५३ साली त्याने नटी रेने ॲशरसन हिच्याशी लग्न केले, तेही फार दिवस नीट चालले नाही. त्याच वर्षी ओल्ड व्हिक रंगमंदिरात त्याने ‘मर्डर इन द कॅथीड्रल’मधील आर्चबिशप बेकेट उभा केला. प्रेक्षक प्रसन्न झाले, परंतु प्रकृतीमुळे त्याला प्रयोग चालू असतानाच भूमिका सोडावी लागली. ‘हॉब्सन्स चॉइस’ची भूमिकाही दम्यापायी जॉन मिल्सकडे गेली. १९५४ च्या ‘लीज ऑफ लाइफ’मध्ये तो आयुष्याचे थोडे दिवस उरलेला एक खेड्यातील पाद्री झाला.

शेवटचा चित्रपट ‘द इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस’. यात तो चिनी मँडरिन झाला आहे. युरोपीय नटाने रंग लावून चिनी माणूस व्हावे ही त्या काळची रीत. आज ती कोणास रुचणार नाही आणि आम्हांसही रुचत नाही. तरीही त्याचे काम पाहताना टीका ओठांवरच राहते. चित्रणाच्या जागी प्राणवायूची नळकांडी ठेवावी लागत. एकेक वाक्य त्याने कसेबसे पुरे केले. अखेरीस म्हातारा मँडरिन नायिकेचा, म्हणजे इन्ग्रिड बर्गमनचा, निरोप घेतो आणि आता आपली पुन्हा भेट होणे नाही असे सुचवितो. त्या प्रसंगी अभिनय कोठे संपतो हे सांगता येत नाही.

९ जून १९५८ रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले. त्याचे वय अवघे त्रेपन्न होते. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूत गाठ असल्याचे आढळले. चित्रपट पडद्यावर आला तो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, आणि प्रेक्षकांनी तो निरोप ऐकला तेव्हा निरोप घेणारा जाऊन पाच महिने झाले होते.