लक्ष्मीबाई टिळक: शाळेची पायरीही न चढलेल्या बाईने येशूवरचं महाकाव्य कसं पूर्ण केलं?

देवाच्या कामाला आपण लायक नाही, असं अनेक श्रद्धावंतांना वाटतं. बायबलमधल्या मोशेलाही तसंच वाटलं होतं. आपल्याला नीट बोलता येत नाही, दुसऱ्या कुणाला पाठव, अशी विनवणी त्याने देवाला केली होती. मराठीत या भावनेवर मात करणारं एक ठळक उदाहरण म्हणजे 'स्मृतिचित्रे'च्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक.

सोवळ्यातलं बालपण

1 जून 1868 रोजी नाशिकजवळच्या जलालपूरला गोखल्यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. माहेरचं नाव मनकर्णिका. वडील कमालीचे सोवळे. बाजारातून आलेली जवळपास प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. मुलीला शाळेत घालायचा प्रश्नच नव्हता. वयाच्या अकराव्या वर्षी कवी नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून.

नवऱ्याचं धर्मांतर

10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंसाठी हा आभाळ कोसळल्यासारखा धक्का होता. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी पंढरपूरला बहिणीकडे आसरा घेतला. ताटातुटीची ही वर्षं रडण्यात, आजारपणात आणि लोकांच्या कुजबुजीत गेली.

पुढे त्या अहमदनगरला टिळकांजवळ आल्या, पण धर्म सोडून नाही. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनीही बळजबरी केली नाही.

एक साधा प्रश्न

बदल झाला तो आतून. लक्ष्मीबाईंनी स्वतःलाच विचारलं: जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या, तर जनावरांच्या जातींमध्ये दिसतो तसा फरक माणसांतही दिसला असता. तो दिसत नाही, म्हणजे हे माणसाचंच काम. त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं, असं त्यांनी ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली झाला.

हे पाऊल किती मोठं होतं, ते रायगडकरांना वेगळं सांगायला नको. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा सनातनी मंडळींनी सत्याग्रहींवर हल्ला केला आणि नंतर तळ्याचं 'शुद्धीकरण'ही केलं. महाडला अपात्र ठरवल्या गेलेल्यांनी आपला हक्क बजावला. लक्ष्मीबाई दुसऱ्या बाजूच्या होत्या. इतरांना अपात्र ठरवणारं सोवळं त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवलं होतं, तेही महाडच्या सत्याग्रहाच्या पाव शतकापेक्षा जास्त आधी.

अर्धवट राहिलेलं काम

टिळकांनी येशूच्या जीवनावर 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतलं होतं. सुरुवातीचे दहाएक अध्याय झाले आणि 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

आता हे पुढे कोण नेणार? टिळक संस्कृतचे जाणकार, नावाजलेले कवी. बालकवी ठोमरेंसारखा कवी त्यांच्या घरात राहून गेलेला. आणि मागे राहिलेल्या लक्ष्मीबाई? जोडाक्षरं लिहितानाही त्या अडखळत, असं सांगितलं जातं. शिक्षण मोजलं असतं, तर हे काम त्यांच्याकडे कुणीच दिलं नसतं.

पण त्यांच्याकडे वेगळी शिदोरी होती. लहानपणापासून कानावर पडलेल्या ओव्या, गाणी आणि पोथ्या होत्या. घरातली रोजची, रोखठोक मराठी होती. आणि स्वतःच्या फजितीवर हसायची तयारी होती. लायकी आधी सिद्ध करून मग लिहायचं, असा हट्ट त्यांनी धरला नाही. लिहीत गेल्या. एक-दोन नव्हे, साठहून अधिक अध्याय त्यांनी रचले. अखेरचा भाग मुलगा देवदत्त यांनी पूर्ण केला आणि 1938 मध्ये 'ख्रिस्तायन' प्रसिद्ध झालं.

स्वतःची गोष्ट

याच काळात देवदत्त यांच्या आग्रहावरून त्यांनी आठवणी लिहिल्या. 1934 ते 1936 दरम्यान चार भागांत आलेलं 'स्मृतिचित्रे' आज मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांत गणलं जातं. 2017 मध्ये शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला.

24 फेब्रुवारी 1936 रोजी लक्ष्मीबाईंचं निधन झालं. 'ख्रिस्तायन' छापून आलेलं त्यांनी पाहिलं नाही.

त्यांना आकाशवाणी झाली नव्हती, की एका रात्रीत आत्मविश्वासही आला नव्हता. समोर आलेलं काम त्यांनी आपलं मानलं आणि येत होती त्या भाषेत, येत होती त्या अक्षरांत ते करायला घेतलं. मोशेचंही शेवटी तेच झालं होतं. वाणी अडखळतच राहिली, पण तो निघाला.