सर वॉल्टर स्कॉट : स्कॉटिश आणि ब्रिटिश

मराठी ऐतिहासिक कादंबरीचा अभ्यास करताना सर वॉल्टर स्कॉट हे नाव तुमच्यासमोर वारंवार येईल. हरिभाऊ आपटे यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या चर्चेत त्याचा उल्लेख बहुधा होतोच. आपण त्याला इंग्रज कादंबरीकार म्हणून मोकळे होतो. मराठीत ‘इंग्रज’ आणि ‘ब्रिटिश’ हे शब्द एकाच अर्थाने रूढ आहेत. म्हणूनच मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश असूनही आपल्या लेखी इंग्रजच ठरला. खुद्द ब्रिटनमध्ये मात्र या दोन शब्दांतील अंतर फार मोठे आहे. स्कॉट स्कॉटिश होता, ब्रिटिश होता, इंग्रज नव्हता. त्याचे चरित्र आपण या दृष्टीने पाहू.

स्कॉटलंडचा राजा १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर बसला. १७०७ मध्ये दोन्ही देशांच्या संसदा एक होऊन ग्रेट ब्रिटन हे राज्य निर्माण झाले. स्कॉटलंडचा कायदा, न्यायालये आणि चर्च मात्र स्वतंत्र राहिली. पदच्युत स्टुअर्ट घराण्यासाठी १७४५ मध्ये झालेला उठाव पुढच्याच वर्षी कलोडनच्या लढाईत चिरडला गेला आणि डोंगराळ भागातील पारंपरिक वेशावर कायद्याने बंदी आली. ही बंदी १७८२ मध्ये उठली, तेव्हा स्कॉट शाळकरी मुलगा होता.

त्याचा जन्म १५ ऑगस्ट १७७१ रोजी एडिंबरो येथे झाला. वडील वकिली व्यवसायात होते. लहानपणीच्या आजाराने त्याचा उजवा पाय कायमचा अधू झाला. हवापालटासाठी त्याला सीमाभागातील आजोबांच्या शेतावर ठेवण्यात आले. तेथे त्याने जुन्या लढायांच्या कथा आणि पोवाड्यांसारखी लोकगीते ऐकली. १७९२ मध्ये तो वकील झाला, पण ती गीते त्याच्या मनातून गेली नाहीत. १८०२ पासून त्याने सीमाभागातील लोकगीतांचा संग्रह प्रसिद्ध केला.

येथे भाषेचा प्रश्न लक्षात घ्या. त्या काळचे शिक्षित एडिंबरोकर आपल्या बोलण्यातील स्कॉटिश छटा लपवू पाहत. डेव्हिड ह्यूमसारख्या तत्त्वज्ञानेही टाळावयाच्या स्कॉटिश शब्दप्रयोगांची यादी केली होती. स्कॉटने १८१४ मध्ये ‘वेव्हर्ली’ ही कादंबरी निनावी प्रसिद्ध केली आणि पुढील कादंबऱ्यांतही स्कॉट्स बोलीला मानाने स्थान दिले. परंतु निवेदन प्रमाण इंग्रजीत आणि बोली पात्रांच्या तोंडी, अशी त्याची वाटणी होती. ग्रामीण मराठी कादंबरीतही तुम्हांला अशी वाटणी आढळेल. तिच्यामुळे बोली जिवंत राहते. मात्र सांगण्याचा अधिकार प्रमाणभाषेकडेच राहतो. ‘वेव्हर्ली’चे कथानकही याच वळणाचे आहे. बंडात ओढला गेलेला इंग्रज तरुण अखेर स्कॉटिश मुलीशी विवाह करतो. गतकाळाविषयी माया ठेवून वर्तमानातील एकीकरण स्वीकारावे, ही स्कॉटची भूमिका होती.

१८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा स्वागताची आखणी स्कॉटकडे होती. त्याने सारे शहर डोंगराळ टोळ्यांच्या चौकटीदार वस्त्रांनी सजवले. राजानेही तो वेश केला. वास्तविक स्कॉटच्या सीमाभागातील पूर्वजांचा हा पोशाख नव्हता. शिवाय त्याच काळात मेंढीपालनासाठी डोंगराळ भागातील गेलिक भाषक कुळांना जमिनींवरून हुसकावले जात होते. एका समूहाचा वेश राष्ट्राचे चिन्ह झाला आणि तो समूह मात्र बेघर होत राहिला. स्कॉटच्या कर्तृत्वाचे मूल्यमापन करताना ही बाजू नजरेआड करता येणार नाही.

१८२६ हे वर्ष त्याच्या कसोटीचे ठरले. प्रकाशनसंस्था आणि छापखाना बुडाल्याने त्याच्यावर एक लाख पौंडांहून अधिक कर्ज आले. त्याच सुमारास सरकारने पाच पौंडांखालील खासगी बँकांच्या नोटा बंद करण्याचे ठरविले. स्कॉटलंडचा दैनंदिन व्यवहार एक पौंडाच्या नोटांवर चाले. एरवी सरकारचा कट्टर समर्थक असलेल्या स्कॉटने टोपणनावाने जाहीर पत्रे लिहून कडाडून विरोध केला आणि स्कॉटलंडला त्या निर्णयातून वगळण्यात आले. ब्रिटिश असणे म्हणजे इंग्लंडसारखे होणे नव्हे, हा त्याचा मुद्दा होता. त्याचे चित्र आजही बँक ऑफ स्कॉटलंडच्या नोटांवर आहे.

कर्ज फेडण्यासाठी तो अखेरपर्यंत लिहीत राहिला. २१ सप्टेंबर १८३२ रोजी ॲबट्सफर्ड येथील राहत्या घरी त्याचे निधन झाले.

ब्रिटनच्या जनगणनेत राष्ट्रीय ओळखीचा प्रश्न प्रथम २०११ मध्ये विचारला गेला. स्कॉटलंडमधील सुमारे ६२ टक्के लोकांनी स्वतःला केवळ स्कॉटिश म्हटले. स्कॉटिश आणि ब्रिटिश अशा दोन्ही ओळखी सुमारे १८ टक्क्यांनी नोंदविल्या. स्कॉटने ज्या दोन नावांचा मेळ घातला, तो आज थोड्यांनाच पटतो. तरीही ओळख ही आतून स्वीकारलेली आणि बाहेरून सजवलेली अशी दुहेरी असते, हे त्याच्या चरित्रातून कळते. यापुढे मराठी ऐतिहासिक कादंबरी वाचताना तुम्ही दोन गोष्टी तपासा : तिच्यात ‘आपण’ या शब्दात कोण सामावले आहे, आणि कोणाचा केवळ वेश घेतला आहे?