ऊबदार बेटावरचे स्टीव्हन्सन

मी रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांची माहिती लिहितो. त्यांचा जन्म १८५० साली स्कॉटलंड देशात एडिंबरा शहरी झाला. तिथं थंडी फार. ते लहानपणापासून छातीनं आजारी, सारखा खोकला. ‘ट्रेझर आयलंड’ ही चाच्यांची गोष्ट त्यांचीच. मला ती लई आवडते.

ऊबदार जागा शोधत ते १८८८ साली जहाजातून पॅसिफिक महासागरात गेले. संगं बायको आणि म्हातारी आईसुद्धा! ताहिती, हवाई अशी बेटं पाहिली. शेवटी सामोआ बेटावर जमीन घेतली, कारण तिथं टपालाची बोट नेमानं यायची. लिहिलेलं छापायला पाठवायचं तर टपाल पाहिजेच ना. १८९० साली ते सिडनीला गेले तर पुन्हा आजारी पडले. मग मायदेशी परत जायचं त्यांनी सोडूनच दिलं. त्यांना मायदेशाची फार आठवण यायची.

सामोआचे लोक त्यांना तुसिताला म्हणत, म्हणजे गोष्टी सांगणारा. १८९४ साली ते वारले, तेव्हा त्या लोकांनी झाडं तोडून डोंगरावर वाट केली आणि त्यांना खांद्यावरून वर नेलं. तिथंच त्यांची समाधी आहे.