दुधाचा माग काढणाऱ्या कमलताई

‘सस्तन प्राणी’ हे शब्द आपण शाळेत पाठ करतो; पण ज्या अवयवावरून ते नाव पडले, त्याचा उच्चार चारचौघांत करायला आजही बिचकतो. अशा समाजात डॉ. कमल रणदिवे यांनी उमेदीची वर्षे त्याच अवयवाच्या अभ्यासाला दिली, याचे मला नेहमीच अप्रूप वाटत आले आहे.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात जन्मलेल्या कमल समर्थ यांचे वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे, ही त्यांची इच्छा. हुजूरपागेतून बाहेर पडलेल्या कमलताईंनी मात्र वडिलांचाच विषय धरला. एम.एस्सी.ला त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी अभ्यासल्या. १९३९ मध्ये गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि टाटा स्मारक रुग्णालयात काम करू लागल्या. डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. पुढे अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र त्या शिकल्या. परतल्यावर मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी त्यासाठी प्रयोगशाळा उभारली.

त्यांच्यापुढचा प्रश्न नीट समजण्यासाठी स्तनाची घडण पाहिली पाहिजे. दुग्धग्रंथी ही मुळात त्वचेतील ग्रंथींपासून उत्क्रांत झाली. इतर वानरकुळात स्तन दूध पाजण्याच्या काळातच भरतात. माणसात ते वयात येतानाच वाढतात. असे का, यावर शास्त्रज्ञांचे अद्याप एकमत नाही. मात्र ही वाढ अपुरी असते. गर्भारपणात संप्रेरकांच्या प्रभावाने ग्रंथी पक्व होते, बाळ अंगावर पिऊ लागले की दूध वाहते आणि दूध तुटले की ग्रंथी पुन्हा आवरते. एवढी उलथापालथ जिथे होते, तिथे पेशींच्या वाढीत चूक होण्यालाही वाव असतो.

१९३६ मध्ये जॉन बिटनर यांनी दाखवून दिले होते, की उंदरांच्या काही वाणांत स्तनाचा कर्करोग आईच्या दुधातून पिलांकडे जातो. पुढे त्या मागचा विषाणू सापडला. कमलताईंनी उंदरांचे वेगवेगळे वाण घेऊन आनुवंशिकता, संप्रेरके आणि हा विषाणू यांचे नाते उलगडण्याचा प्रयत्न केला. रोगाचे एकच कारण शोधण्याच्या त्या काळात ही दृष्टी नवी होती.

मग माणसाच्या आईनेही आपल्या दुधाला भ्यावे काय? मुळीच नाही. तिचे दूध बाळाला कर्करोग देते, असे सिद्ध झालेले नाही. उलट ३० देशांतील अभ्यास एकत्र करून २००२ मध्ये निघालेला निष्कर्ष असा, की अंगावर पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे आईचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी घटतो.

याचा पडताळा आमच्या दारातच आहे. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तिच्यात धाराशिव जिल्ह्यातील भूम आणि परंडा हे तालुकेही येतात. मुंबईच्या मानाने इथे स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण बरेच कमी आढळले. लवकर येणारे मातृत्व, अधिक बाळंतपणे आणि दीर्घकाळ अंगावर पाजणे, ही त्याची काही कारणे मानली जातात. पण त्यावर निर्धास्त राहून चालणार नाही. हाताला लागलेली गाठ लाजेपोटी लपवणाऱ्या बाया आणि बाळंतिणीचा पहिला चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकणाऱ्या सासवा मी आमच्या भागात पाहिल्या आहेत. त्याच चिकात बाळाला रोगांपासून वाचवणारी प्रतिद्रव्ये भरलेली असतात.

कमलताई प्रयोगशाळेपुरत्या राहिल्या नाहीत. १९७३ मध्ये स्त्री-वैज्ञानिकांची संघटना स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. उतारवयात त्या अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करीत होत्या. उंदरांच्या पिलांपासून निघालेली वाट अशी माणसांच्या लेकरांपर्यंत पोहोचली. २००१ मध्ये त्या गेल्या. त्यांचे विज्ञान माजघरात पोहोचवण्याचे काम मात्र आपल्याकडे उरले आहे.